बार्बाडोसला पहिल्यांदा जाताना आधी दोन समुद्र ओळखा

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. येत्या फेब्रुवारीत घरातले सहा जण बार्बाडोसला जायचं म्हणताहेत: त्या दोघं, आठ वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि न्यू जर्सीहून येणारा दीर. हातात आठ दिवस आहेत. सासूबाई आणि त्या स्वतः शाकाहारी. त्यांनी विचारलंय की एवढ्या दिवसांत कॅरिबियनमधली तीन-चार बेटं होतील का, व्हिसाचं काय, पैसे कसे न्यायचे, समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का आणि खायचं काय. सासऱ्यांना केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंच आहे.

मी मूळची मालवणची. गेली बारा वर्षं ब्रिजटाउनजवळ राहते आणि भारतातून, अमेरिकेतून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देते. त्या अनुभवावरून सांगते.

तीन-चार बेटांचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. नकाशावर ही बेटं मण्यांच्या माळेसारखी जवळजवळ दिसतात, पण बार्बाडोस त्या माळेच्या बाहेर, पूर्वेला एकटं पडलेलं आहे. सर्वात जवळची बेटंही दीडशे किलोमीटरच्या पुढे आहेत आणि तिथे जायला रोजची फेरीबोट नाही. छोट्या विमानानेच जावं लागतं. प्रत्येक बेट वेगळा देश, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा सामान, पुन्हा टॅक्सी. आठ दिवसांतले तीन विमानतळावर जातील. बार्बाडोस लांबीला जेमतेम 34 किलोमीटर, पण आठ दिवस पुरून उरतं.

त्रिनिदादला जाऊन येऊ, असं दीर म्हणतील. तिथली भारतीय वस्ती, रोटी, डबल्स (चणे भरलेल्या तळलेल्या पोळ्या) यांची ओढ असते. पण पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदादहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. शिवाय साठीच्या पुढच्या माणसांना ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सासू-सासरे बरोबर असताना हा घोळ नकोच.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी बार्बाडोसचा व्हिसा सध्या लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा आणि निघण्यापूर्वी त्यांचा ऑनलाइन प्रवेश-फॉर्म भरून ठेवा. खरी अडचण वाटेतल्या व्हिसाची आहे. भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे आलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर बहुतेकदा सूट मिळते, पण एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावं लागणार असेल तर नियम बदलतात. अमेरिकेमार्गे आलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो; विमानतळाच्या आतल्या आत थांबण्याची सोय तिथे नाही. तुमच्या पाचही जणांकडे दिराला भेटण्यासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा असेल, तर चार-पाच दिवस न्यू जर्सीत राहून, वेळेच्या फरकाची झोप काढून न्यूयॉर्कहून निघा. तिथून साधारण पाच तास. फक्त व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते बघून घ्या.

आणि दिरांना आजच फोन करून विचारा: ते एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असतील, तर पासपोर्टवरचा त्याचा शिक्का चालू आहे का? कामाची मंजुरी चालू असते, पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असतो, आणि अमेरिकेत राहत असताना ते जाणवतच नाही. कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं, हे ऐकून लोक कॅरिबियनलाही तोच नियम लावतात. एच-वन-बीवाल्यांना तो इथे लागू नाही. तीन वर्षांपूर्वी एक तरुण असाच अडकला. बाकीचं कुटुंब परत गेलं आणि तो इथे नवा व्हिसा मिळेपर्यंत हॉटेलचं भाडं भरत बसला. समोर निळंशार पाणी होतं, पण त्या पोराने एकदाही पाय बुडवला नाही.

आता समुद्र. सगळ्यात जास्त मला यावरच सांगायचं आहे, कारण कुठे राहायचं, कुठे पोहायचं, आजी-आजोबांना कुठे बसवायचं, सगळं यावर ठरतं.

या बेटाला दोन समुद्र आहेत. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र: शांत, उथळ, पारदर्शक, सकाळी तर तळ्यासारखा. होलटाउन, पेन्स बे, मलिन्स हे किनारे त्या बाजूचे. पूर्वेला अटलांटिक, थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये काहीही नाही. एवढ्या अंतरावरून वाऱ्याने ढकललेलं पाणी बाथशीबाच्या खडकांवर येऊन फुटतं. दोन्ही किनाऱ्यांत गाडीने तासाभराचंही अंतर नाही, म्हणून माणसाला वाटतं की समुद्र एकच. सकाळी पश्चिमेला मनसोक्त डुंबलेली मंडळी दुपारी त्याच कपड्यांत, त्याच भरवशाने बाथशीबाला उतरतात.

नाशिकचे एक गृहस्थ असेच उतरले होते. चांगले पोहणारे, रोज तलावावर जाणारे. मी नको म्हणत होते तरी "घोट्यापर्यंतच आहे पाणी" म्हणत पुढे गेले. पाणी खरंच घोट्यापर्यंत होतं. लाट आली तेव्हा ते उभेच होते. ती परत जाताना पायाखालची वाळू निघाली आणि ते बसले. उठायच्या आत दुसरी लाट आली आणि तिने त्यांना आडवं करून खडकाच्या दिशेने ओढलं. फळीवर लाटा खेळणाऱ्या दोन स्थानिक मुलांनी त्यांना काखेत धरून बाहेर काढलं. चष्मा गेला, दोन्ही गुडघे प्रवाळाने खरवडले गेले, आणि बराच वेळ ते वाळूवर बसून नुसते पाण्याकडे बघत होते. मालवणात आम्ही याला पाण्याची ओढ म्हणतो. तिच्यापुढे पोहणं येण्या-न येण्याचा प्रश्न नसतो.

म्हणून बाथशीबाला जा, जरूर जा, पण बघायला जा. किनाऱ्यावर घराएवढ्या प्रवाळाच्या शिळा आहेत, खालून लाटांनी झिजून अळंबीसारख्या झालेल्या. ओहोटीच्या वेळी काही ठिकाणी खडकांत कढईसारखे डोह उरतात. पाणी शांत असेल आणि स्थानिक माणसं बसलेली असतील, तर त्यात गळ्यापर्यंत पाण्यात नुसतं बसायचं. सासूबाईंना ते फार आवडेल. ओहोटीची वेळ आधी विचारून निघा. पाण्याने कधी ओढलंच, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. मुलीलाही हे घरून निघायच्या आधीच शिकवून ठेवा.

तुमच्यासाठी मी दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज ते वर्दिंग या पट्ट्यात राहायची जागा सुचवेन. पश्चिम किनारा सुंदर आहे, पण महाग, आणि पायी चालण्यासारखं तिथे कमी. दक्षिणेला समुद्राच्या कडेने लाकडी फळ्यांचा लांब रस्ता आहे. सकाळी सहाला सासरे तिथे निघाले तर फिरायला आलेले निम्मे स्थानिक लोक त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणतील. किराणा दुकान, बसथांबा, डॉक्टर सगळं हाताशी. सेंट लॉरेन्स गॅपच्या मधोमध मात्र खोली घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं. दक्षिणेचं पाणी पश्चिमेपेक्षा थोडं खवळलेलं असतं, म्हणून जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच उतरा आणि लाल झेंडा दिसला की माघारी फिरा. मुलीचं पोहणं ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये ठेवा. तिथे पाणी शांत, आणि होडीने थोडं आत गेलं की समुद्री कासवं व बुडालेल्या जुन्या जहाजांचे सांगाडे वरूनच दिसतात. कासवांना हात लावायचा नाही, कोणी खायला देत असेल तरी आपण द्यायचं नाही.

किनाऱ्यावर सावलीसाठी झाड निवडताना खोडाकडे बघा. मॅन्चिनील नावाचं एक झाड इथे वाळूतच उगवतं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, गोड वासाचं, आणि अत्यंत विषारी. चीक अंगावर पडला तर फोड येतात; पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने त्वचा भाजते. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, सगळीकडे नसतो. मुलीला एकच नियम द्या: वाळूत पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

ऊन चेन्नईचं समजा, अक्षांश जवळपास तोच. पण सतत वारा वाहत असल्याने ते जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ सोललेली असते. पोहताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, दुपारी अकरा ते तीन सावलीत काढा. फेब्रुवारी कोरड्या हंगामात येतो. चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, त्यामुळे ती काळजी नको. नळाचं पाणी प्रवाळाच्या खडकातून गाळून येतं, बिनधास्त प्या. बाटल्यांवर पैसे घालवू नका.

पैशांचा हिशोब सोपा आहे. एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर, हा दर 1975 पासून बांधलेला आहे. अमेरिकन नोटा बहुतेक ठिकाणी चालतात. फसगत होते ती एका शब्दाची: टॅक्सीवाला "चाळीस डॉलर" म्हणतो तेव्हा कुठले डॉलर? टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडं आणि चलन दोन्ही विचारा. हॉटेलात सेवाशुल्क बिलातच असतं, पुन्हा टिप द्यायची गरज नाही. उरलेले बार्बाडोस डॉलर निघण्यापूर्वी संपवा, पुण्यात ते कोणी बदलून देणार नाही.

फिरायला बस घ्या, निदान दोनदा. निळी सरकारी बस, पिवळी खासगी मिनीबस, आणि लाल पट्ट्याची पांढरी व्हॅन, जिला सगळे झेड-आर म्हणतात. कुठेही उतरा, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे द्यावे लागतात. थांब्यावर "शहराकडे" किंवा "शहराबाहेर" एवढंच लिहिलेलं असतं, कारण इथे शहर एकच. झेड-आरमध्ये गाणी मोठ्याने लागतात आणि माणसं आपल्याकडच्या वडापसारखी कोंबतात, तेव्हा सासूबाईंसाठी सरकारी बसच बरी. बसमध्ये किंवा दुकानात शिरताना आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणा, मग काय हवं ते विचारा. ही इथली मोठी गोष्ट आहे. थेट "याची किंमत काय" म्हणालात तर समोरच्या बाईंचा चेहरा आक्रसतो, आणि आपल्याला वाटतं की हे लोक तुसडे आहेत. तसं मुळीच नाही. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरणंही त्यांना आवडत नाही.

एक दिवस गाडी भाड्याने घ्या, उत्तरेला आणि पूर्वेला जायला. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे तुम्हाला जड जाणार नाही. पर्यटकाचा परवाना गाडी देणारेच काढून देतात. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी एचने सुरू होते, ती बघून लोक सांभाळून घेतात. आतले रस्ते उसाच्या शेतांमधून जातात, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी ऊस उंच, वळणावर समोरचं दिसत नाही. अंधार पडायच्या आत परत या. फेब्रुवारीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो.

खाण्याबद्दल तुम्हाला वाटते तेवढी काळजी नको, पण दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. पहिलं म्हणजे फिशकेक. रस्त्यावर कढईतून निघणारे गोल, सोनेरी, अगदी आपल्या भज्यांसारखे. त्यात खारवलेला मासा असतो. एका बाईंनी बटाट्याचे समजून अर्धा खाल्ला आणि दिवसभर त्यांचं मन लागलं नाही. दुसरं म्हणजे भात. इथला रोजचा भात तुरीचे दाणे घालून शिजवतात. बघून आपल्याला घरचंच वाटतं, पण चवीला बऱ्याचदा खारवलेली डुकराची शेपटी घातलेली असते. "मांस नाही ना?" एवढं विचारून भागत नाही, "शिजवताना मांस घातलं होतं का?" असं विचारा.

हे सोडलं तर मजा आहे. नीरफणस इथे भरपूर, भाजलेला, तळलेला, कुस्करलेला. कोकणातल्या माणसाला तो परदेशात भेटतो तेव्हा काय वाटतं ते मला विचारा. राजेळी केळ्यांसारखी मोठी केळी तळून देतात. मक्याच्या पिठात भेंडी घालून लाकडी दांड्याने घोटलेली कूकू उकडीसारखी लागते. तिच्यावर उडणाऱ्या माशाचा रस्सा ओततात, तो वगळून मागा. त्रिनिदाद आणि गयानाहून आलेली रोटी इथे सर्रास मिळते. बटाटा-चण्याची भाजी गुंडाळलेली घ्या. तिचाच प्रकार दालपुरी, आत वाटलेल्या डाळीचं तिखटमिठाचं सारण, म्हणजे पुरणपोळीची खारी बहीण. चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे मुलीला आवडतील. पिवळा पेपर सॉस मात्र थेंबाने घ्या, त्यातली मिरची आपल्या लवंगीला ऐकत नाही. मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला जावं. कोळ्यांचं गाव, उघड्यावर शेगड्या, ताजा मासा, शेजारी डोमिनोच्या सोंगट्या आपटत खेळणारे म्हातारे. सातच्या आत पोहोचा, मग जागा मिळत नाही. घरून चहापावडर, मेतकूट, पोहे बंद पाकिटांतून आणा आणि कस्टमला सांगा. ओला कढीपत्ता, फळं, बिया आणू नका.

बॅगा भरताना मुलीच्या कपड्यांत लष्करी ठिपक्यांचं काही आलंय का बघा. टोपी असो की चड्डी, तसं कापड नागरिकांनी घालणं इथे कायद्याने बंद आहे, लहान मुलांनाही. वीज 115 व्होल्टची आणि पिना चपट्या, त्यामुळे घरची इस्त्री किंवा किटली चालणार नाही. मोबाइलचे चार्जर चालतात. सासू-सासऱ्यांचा प्रवास-विमा जुन्या आजारांसह काढा. खासगी उपचार महाग आहेत. पोलीस 211, रुग्णवाहिका 511, हे आकडे फोनमध्ये घालून ठेवा. रात्री सुनसान किनाऱ्यावर जाऊ नका. किनाऱ्यावर कोणी गांजा पुढे केला तर "नो, थँक यू" म्हणून चालू लागा.

एक सकाळ गॅरिसन भागातल्या संग्रहालयासाठी ठेवा. इमारत म्हणजे जुना लष्करी तुरुंग. 1627 साली इंग्रज इथे वसायला आले, मग उसाचे मळे उभे राहिले आणि ते मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी कसले. आज ज्यांच्याशी तुम्ही बोलाल त्यांतल्या बहुतेकांचे पूर्वज तेच. मोठ्या हमरस्त्यावरच्या चौकात मनगटांना तुटलेल्या साखळ्या लटकणारा एक पुतळा दिसेल. लोक त्याला 1816 च्या उठावाचा नेता बुसा म्हणतात. आठ वर्षांच्या मुलीला हे समजतं. मी कित्येक मुलांना त्या पुतळ्यापाशी गप्प झालेलं पाहिलं आहे.

आणि सासऱ्यांचं ओव्हल. ब्रिजटाउनच्या मध्यापासून पश्चिमेला थोड्या अंतरावर आहे. सामना नसताना आत सोडतात का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. बाहेर इथला थोर क्रिकेटपटू सोबर्स याचा पुतळा आहे, तिथे फोटो होईलच. इथे 29 जून 2024 ला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. त्यानंतर बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाला आणि संघ इथेच अडकून पडला. ते सासऱ्यांना ठाऊक असणार. पण त्यांच्या वयाच्या माणसाला कदाचित 1962 अधिक आठवेल. याच मैदानावर बार्बाडोसचा वेगवान गोलंदाज ग्रिफिथ याचा चेंडू आपला कर्णधार नरी काँट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला होता, आणि त्याला रक्त देणाऱ्यांत आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर होते तसे वेस्ट इंडीजचा कर्णधार, याच बेटाचा फ्रँक वॉरेलही होता. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारापाशी सासऱ्यांनी वॉरेलचं नाव काढावं आणि मग तुम्ही मुलीला घेऊन खुशाल कार्लाइल बेला पोहायला जावं. दोन तास तरी ते दोघं उठायचे नाहीत.